हेलसिंकी ते लिस्बन : अंतर किती आणि विमानात नेमका वेळ किती जातो?

प्रश्न असा आहे. प्रश्नकर्त्या लिस्बनला राहतात आणि त्यांचा भाऊ हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात राहतो. नाशिकहून आलेले आई-वडील सप्टेंबरमध्ये भावाकडून त्यांच्याकडे थेट विमानाने येणार आहेत आणि सोबत कोणी नसेल. वडिलांचे जेवण आणि इन्सुलिन वेळेवर व्हावे लागते, म्हणून प्रवास किती तासांचा हे त्यांना नक्की हवे आहे. तिकिटावर सकाळी ८:०५ ला सुटून ११:०५ ला पोहोचण्याची वेळ छापली आहे, म्हणजे तीन तास. अंतर मोजून देणारे एक संकेतस्थळ ४ तास ४१ मिनिटे सांगते. भावाच्या आठवणीत पाच तास आहेत. परतीच्या तिकिटावर मात्र १२:१० ते १८:४५, म्हणजे साडेसहा तासांहून जास्त दिसतात. अंतराचेही ३,३६५, ३,३७०, ३,३९४ आणि चार हजारांच्या पुढचे असे निरनिराळे आकडे त्यांना सापडले आहेत. यांतला खरा कोणता, आणि थेट विमान सोडून स्वस्त म्हणून मध्ये थांबणारे विमान घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर देतो आणि मग त्यामागची कारणे सांगतो. दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे ३,३६५ ते ३,३७० किलोमीटर, म्हणजे साधारण १,८१७ सागरी मैल आहे. मुंबई–दिल्ली हवाई अंतराच्या हे जवळजवळ तिप्पट होते. हेलसिंकीहून लिस्बनला जाताना दारापासून दारापर्यंत, म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंत, सुमारे पाच तास धरावेत. उलट दिशेने सुमारे साडेचार तास धरावेत. आपल्या दोन्ही तिकिटांवरच्या वेळा बरोबर आहेत आणि भावाची आठवणही बरोबर आहे. वेळेचा सगळा घोळ दोन देशांच्या घड्याळांमुळे झाला आहे.

मी एकवीस वर्षे युरोपातील एका उड्डाण नियोजन कक्षात डिस्पॅचर म्हणून काम केले. विमान कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाईल आणि किती वाजता पोहोचेल, याची आखणी करून ती वैमानिकाच्या हाती देणे हे आमचे काम. लिस्बन आणि हेलसिंकी हे दोन्ही विमानतळ माझ्या रोजच्या यादीत असत, म्हणून या मार्गाविषयी मी थोडे विस्ताराने लिहू शकतो.

अंतरापासून सुरुवात करू. गोलावरच्या दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग ज्या वर्तुळावरून जातो, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोल आहे असे मानून हिशेब केला की ३,३६५ किलोमीटर येतात. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे : विषुववृत्ताकडील त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, तर ध्रुवाकडील ६,३५७ किलोमीटर. तो चपटेपणा हिशेबात घेणारी संकेतस्थळे पाच-सहा किलोमीटर जास्त दाखवतात. म्हणजे ३,३६५ आणि ३,३७० हे दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत. काही ठिकाणी विमानतळांऐवजी शहरांच्या मध्यापासून मोजतात, पण या जोडीत त्याने जवळजवळ काही बदलत नाही, कारण दोन्ही विमानतळ आपापल्या शहराच्या उत्तरेला आहेत आणि एकीकडे वाढलेले अंतर दुसरीकडे कमी होते.

३,३९४ हा आकडा कोठून आला, हे अधिक लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर लिस्बन आणि हेलसिंकी पट्टीने जोडले, तर ती रेघ जवळजवळ नेमकी ईशान्येकडे, ४५ अंशांवर जाते. होकायंत्राची दिशा शेवटपर्यंत तीच ठेवून कोणी गेला, तर त्याला ३,३९४ किलोमीटर जावे लागेल. जवळच्या मार्गाने जाणाऱ्याला मात्र दिशा सतत बदलावी लागते. लिस्बनहून निघताना त्याचा रोख उत्तरेपासून ३३ अंश पूर्वेकडे असतो आणि हेलसिंकीला पोहोचेपर्यंत तो ६० अंशांवर गेलेला असतो. त्यामुळे नकाशावर हा मार्ग वायव्येकडे फुगलेल्या धनुष्यासारखा दिसतो, तरी गोलावर तोच सरळ असतो. वाचतात ते केवळ तीस किलोमीटर, जेमतेम दोन मिनिटांचे उड्डाण. परंतु विमानाच्या खिडकीतून काय दिसेल, हे या धनुष्यावरून ठरते.

लिस्बनहून निघालेली ही रेघ उत्तर स्पेनमधील अस्तुरियासचा किनारा ओलांडून बिस्केच्या उपसागरावर जाते. फ्रान्समध्ये शिरल्यावर ती पॅरिसच्या थोडी पश्चिमेकडून, मग ब्रसेल्सजवळून आणि नेदरलँड्सच्या पूर्व भागावरून जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदराकडे वळते. पुढे जवळजवळ कोपनहेगनच्या माथ्यावरून ती दक्षिण स्वीडनमध्ये उतरते आणि बाल्टिक समुद्र पार करून फिनलंडचा किनारा गाठते. आपल्या आई-वडिलांना हाच प्रदेश उलट क्रमाने दिसेल, अर्थात ढगांनी परवानगी दिली तर.

चार हजारांच्या पुढचा आकडा रस्त्याचा आहे. त्यात वाटेत कुठे तरी बोटही घ्यावी लागते. विमानप्रवासाच्या हिशेबात त्याला स्थान नाही.

आता वेळेकडे येतो. संकेतस्थळावरचे ४ तास ४१ मिनिटे कसे आले असतील, हे सहज ताडता येते. ३,३६५ किलोमीटरला ताशी ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर, या ठरीव वेगाने भागले की ४ तास ११ मिनिटे येतात आणि त्यात उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास मिळवला की ४ तास ४१ मिनिटे होतात. अशी बरीच संकेतस्थळे जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांसाठी हाच एक भागाकार करतात. त्यांना वारा माहीत नसतो, विमान माहीत नसते आणि दिशाही माहीत नसते. म्हणूनच जाण्याचा आणि येण्याचा वेळ ती एकच दाखवतात. आपल्या बाबतीत हा आकडा दोन्ही दिशांच्या खऱ्या वेळांच्या मधोमध पडला आहे, इतकेच. प्रवास आखताना त्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियोजन कक्षात हाच हिशेब कसा मांडतात, ते दाखवतो. या मार्गावर बहुधा एअरबस ए-३२० किंवा त्याच घराण्यातील विमान असते. साधारण ३६,००० फुटांवर बाहेरचे तापमान उणे ५६ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. हे विमान ध्वनीच्या ७८ टक्के वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटरने जाते. हा वेग सभोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे, आणि हवा स्वतःच वाहत असते, तेव्हा जमिनीवरून मोजलेला वेग त्याहून वेगळा पडतो.

अंतरही पूर्ण ३,३६५ वर थांबत नाही. विमान धावपट्टीच्या दिशेने उडते आणि मग आपल्या मार्गाला लागते. उतरताना त्याला इतर विमानांच्या रांगेत बसवावे लागते, आणि मध्ये लष्करी सरावासाठी राखलेले आकाश टाळावे लागते. माझ्या अनुभवात या मार्गावर दोन-तीन टक्के वाढ नेहमीची आहे, म्हणून ३,४५० किलोमीटर धरू.

युरोपावर या उंचीला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. आपला मार्ग नैर्ऋत्य–ईशान्य असा तिरका असल्यामुळे तो वारा पूर्णपणे पाठीशी किंवा पूर्णपणे तोंडावर येत नाही, त्याचा साधारण सत्तर टक्के भागच मार्गाच्या दिशेने काम करतो. पश्चिमेचा वारा ताशी ६५ किलोमीटर असेल, तर आपल्या वाट्याला त्यातले ४५ किलोमीटर येतात. हेलसिंकीहून लिस्बनला जाताना ते वजा होऊन जमिनीवरचा वेग ७८५ होतो आणि ३,४५० किलोमीटरला ४ तास २४ मिनिटे लागतात. उलट दिशेला तेच मिळून वेग ८७५ होतो आणि ३ तास ५७ मिनिटे पुरतात. वर चढताना आणि खाली येताना विमान हळू जाते, त्यासाठी बारा मिनिटे मिळवावी लागतात. धावपट्टीपर्यंत जाण्यास पंधरा आणि उतरल्यावर जागेवर येण्यास सात मिनिटे धरली, तर जाताना ४ तास ५८ मिनिटे आणि येताना ४ तास ३१ मिनिटे होतात. आपल्या तिकिटांवर, घड्याळांचा फरक काढून टाकल्यावर, जाताना ५ तास आणि येताना ४ तास ३५ मिनिटे आहेत. हा मेळ योगायोगाने बसत नाही. वेळापत्रक बनवणारे लोक मागील हंगामांतील प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदी पाहून, बहुतेक दिवशी पाळता येईल अशी वेळ छापतात.

जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतच्या या वेळेला आमच्या व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात, आणि चाके जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात. वैमानिक उड्डाणापूर्वी ध्वनिक्षेपकावर ‘आजचा उड्डाणाचा वेळ चार तास तीस मिनिटे’ असे सांगतो, तेव्हा तो हवेतल्या वेळेविषयी बोलत असतो. तिकिटावर पाच तास असताना साडेचारच कसे, असा गोंधळ प्रवाशांना नेहमी होतो. आपल्या वडिलांनी ती घोषणा ऐकली, तर त्यात साधारण पंचवीस मिनिटे मिळवावीत.

वाऱ्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण या मार्गावर वेळ बदलवणारा सर्वांत मोठा घटक तोच आहे. सप्टेंबरमध्ये तो सहसा मध्यम असतो. हिवाळ्यात जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जोरावर येतो, त्याच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटरच्या पुढचा वेग मुळीच दुर्मीळ नसतो, आणि तो प्रवाह आपल्या मार्गाला समांतर पडला, तर मार्गाच्या दिशेने ताशी १०० किलोमीटरचा वारा पूर्ण प्रवासभर मिळू शकतो. तेव्हा लिस्बनकडे जाण्यास क्षितिजसमांतर उड्डाणातच ४ तास ४४ मिनिटे लागतात आणि परत येण्यास ३ तास ४३ मिनिटे, म्हणजे एका तासाचा फरक पडतो. अनेकांना वाटते की जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो. तसे होत नाही. वारा नसताना हे दोन्ही प्रवास मिळून ८ तास १९ मिनिटांचे झाले असते, या वाऱ्यात ते ८ तास २६ मिनिटांचे होतात. समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि पाठीच्या वाऱ्यात कमी वेळ, त्यामुळे नुकसान नेहमी नफ्याहून मोठे असते. शाळेत शिकवलेल्या नदी आणि होडीच्या उदाहरणाचाच हा प्रकार आहे.

क्वचित सगळे उलटेही होते. स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले आणि बिस्केच्या बाजूला दाब कमी झाला, की जेट प्रवाह दोन फांद्यांत फुटतो आणि मधल्या पट्ट्यात पूर्वेकडचा वारा सुरू होतो. एका फेब्रुवारीत मी सलग चार दिवस हेलसिंकी–लिस्बनची आखणी केली, आणि प्रत्येक दिवशी लिस्बनकडे जाणारे विमान वेळेच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी पोहोचत होते. उतरल्यावर जागा रिकामी नसल्यामुळे ते उभे राहायचे आणि प्रवासी आत बसून राहायचे. लवकर पोहोचण्याचा उपयोग विमानतळ मोकळा असेल तरच होतो, हे तेव्हा मला नीट समजले. लिस्बनला एकच धावपट्टी आहे आणि दिवसाच्या बऱ्याच तासांत ती भरलेली असते. हेलसिंकीला तीन धावपट्ट्या आहेत. मात्र हिवाळ्यात तिथे पंखांवरचे बर्फ फवारणी करून काढावे लागते आणि त्यात दहा-वीस मिनिटे जातात. सप्टेंबरमध्ये ती अडचण नसते.

दुसरा मोठा घटक म्हणजे आकाशातील गर्दी. वर सांगितलेली रेघ युरोपातील सर्वांत गजबजलेल्या हवाई पट्ट्यातून जाते. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांच्यावरचे २४,५०० फुटांपलीकडचे आकाश मास्ट्रिख्ट येथील एकाच नियंत्रण केंद्राकडे आहे, आणि संपूर्ण युरोपातील वाहतुकीचा ओघ ब्रसेल्समधून युरोकंट्रोल ही संस्था जुळवते. एखाद्या विभागात क्षमतेपेक्षा जास्त विमाने येणार असे दिसले, की काही विमानांना जमिनीवरच थांबवून उड्डाणाची ठरावीक वेळ दिली जाते. तिला स्लॉट म्हणतात, आणि त्या वेळेच्या पाच मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंत विमानाने उडालेच पाहिजे. म्हणून हेलसिंकीत आकाश निरभ्र असूनही, हजार-दीड हजार किलोमीटर दूरच्या वादळामुळे विमान दाराशीच उभे राहू शकते. प्रवाशांना हे खोटे कारण वाटते. ते खरे असते.

फ्रान्समधील हवाई नियंत्रकांचा संप असेल, तर आम्ही फ्रान्सचे आकाश टाळून मार्ग आखतो. लिस्बनहून अटलांटिकवरून थेट उत्तरेकडे, ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, आणि तेथून डेन्मार्ककडे वळलो, तर एकूण अंतर सुमारे ३,६०० किलोमीटर होते. म्हणजे २४० किलोमीटर वाढतात, वेळेत सतरा-अठरा मिनिटे. इतक्या मोठ्या वळशाचा परिणाम एवढाच असतो, हे पाहून नव्या सहकाऱ्यांना नेहमी आश्चर्य वाटे. खरा उशीर जमिनीवर होतो. आकाशात होणारा उशीर सहसा त्याच्या पुढे किरकोळ असतो.

बंद आकाशाची किंमत किती मोठी असू शकते, हे हेलसिंकीला चांगलेच ठाऊक आहे. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांसाठी बंद झाले, आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोन शहरांमधले अंतर तसूभरही बदलले नव्हते. लिस्बनचा मार्ग विरुद्ध दिशेला असल्याने त्याला ही झळ लागलेली नाही.

इंधनाची काळजी आपण करू नये. प्रवासाला लागणाऱ्या इंधनावर सहसा पाच टक्के जास्त, शिवाय उतरता न आल्यास पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतके आणि त्यानंतरही तीस मिनिटे हवेत राहता येईल इतके इंधन ठेवावेच लागते. लिस्बनसाठी आम्ही बहुधा पोर्तो किंवा फारो हा पर्याय धरत असू.

आता घड्याळांविषयी, कारण आपल्या प्रश्नाची मूळ गाठ इथेच आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या स्थानिक घड्याळाची असते. फिनलंडचे घड्याळ पोर्तुगालच्या दोन तास पुढे आहे. हेलसिंकीला ८:०५ ला सुटलेले विमान पाच तासांनी पोहोचते, तेव्हा हेलसिंकीत १३:०५ झालेले असतात, पण लिस्बनमध्ये ११:०५. म्हणून प्रवास तीन तासांचा भासतो. परतीला तेच दोन तास उलट दिशेने मिळतात आणि ४ तास ३५ मिनिटे ही ६ तास ३५ मिनिटांसारखी दिसतात. उन्हाळी वेळेमुळे हा फरक बदलेल का, अशी शंका येऊ शकते. तो बदलत नाही, कारण दोन्ही देश मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळ फिरवतात. १९९२ ते १९९६ या काळात मात्र पोर्तुगालने मध्य युरोपची वेळ स्वीकारली होती आणि तेव्हा हा फरक एकच तास होता. जुन्या वेळापत्रकांशी तुलना करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आपल्या आई-वडिलांसाठी मी एक साधी युक्ती सुचवतो. आईंच्या मनगटावरचे घड्याळ नाशिकचीच वेळ दाखवत असेल, तर ते तसेच राहू द्यावे आणि सगळा प्रवास भारतीय वेळेत लिहून द्यावा. सप्टेंबरमध्ये हेलसिंकी भारताच्या अडीच तास मागे असते आणि लिस्बन साडेचार तास. म्हणजे विमान भारतीय वेळेने १०:३५ ला सुटेल आणि १५:३५ ला पोहोचेल. परतीला ते १६:४० ला सुटून २१:१५ ला पोहोचेल. वजाबाकी केली की खरे तास लगेच दिसतात. आम्ही कक्षात सगळे हिशेब ग्रिनिचच्या एकाच वेळेत ठेवत असू, ही त्याचीच घरगुती आवृत्ती आहे. इन्सुलिनची मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी ठरवावी, पण त्यांना विचारताना तिकिटावरच्या वेळा न सांगता हे भारतीय वेळेतले तास सांगावेत. औषध हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो आणि सामान मागे राहिले तर औषधही मागे राहते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली की सुरक्षा तपासणीत अडचण येत नाही.

थेट विमान सोडून स्वस्त म्हणून मध्ये थांबणारे विमान घ्यावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. अंतराच्या दृष्टीने त्यात जवळजवळ काहीच फरक नाही. अ‍ॅम्स्टरडॅम त्या रेघेच्या इतके जवळ आहे की तिकडून गेल्यास दहा किलोमीटरही वाढत नाहीत, आणि फ्रँकफर्टमार्गे गेल्यास सुमारे पन्नास वाढतात. वेळ मात्र किमान दोन-अडीच तासांनी वाढतो, कारण एक जास्तीचे चढणे, एक जास्तीचे उतरणे, दोनदा धावपट्टीपर्यंतची ये-जा आणि मधली प्रतीक्षा यांचा अंतराशी काही संबंध नसतो. लंडनमार्गे जाणारे तिकीट तर या दोघांसाठी मुळीच घेऊ नये. फिनलंड आणि पोर्तुगाल दोन्ही शेंगेन क्षेत्रात असल्याने थेट प्रवासात पासपोर्ट तपासणीची रांग नसते. लंडनला जाताना मात्र ते शेंगेनबाहेर पडतील, ब्रिटनच्या व्हिसाचा प्रश्न निर्माण होईल, आणि त्यांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत आत येता येणार नाही. पासपोर्ट थेट प्रवासातही हाताशी असू द्यावा.

उशीर झालाच, तर अंतराचा आकडा पुन्हा कामाला येतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार भरपाई अंतरावर ठरते, आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजावे असे नियमातच लिहिले आहे. संघाच्या आतील १,५०० किलोमीटरपेक्षा लांब प्रवासाला हा नियम ४०० युरो सांगतो. विमान कंपनीच्या हातात नसलेली असाधारण परिस्थिती नसेल आणि पोहोचण्यास तीन तास किंवा अधिक उशीर झाला असेल, तर ती मागता येते. मध्ये थांबून गेले तरी पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलेच अंतर धरतात. पोहोचण्याची वेळ कोणती, यावरही वाद झाला होता. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले की विमानाचा निदान एक दरवाजा उघडतो तो क्षण धरावा. चाके टेकण्याचा क्षण त्यासाठी चालत नाही. प्रवासाच्या तारखेला लागू असलेला नियम मात्र एकदा पाहून घ्यावा.

विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असेल, तर सुटण्याच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे. ती सेवा विनामूल्य मिळते, आणि लिस्बनला पुष्कळदा विमान इमारतीपासून दूर उभे करून प्रवाशांना बसने आणतात, तेव्हा तिचा खरा उपयोग होतो. वडिलांच्या जेवणाचा हिशेब पाच तासांवर न ठेवता घरापासून घरापर्यंत ठेवावा. एस्पोतून पहाटे साडेपाचला निघाले आणि लिस्बनमध्ये आपल्या घरी सव्वाबाराला पोहोचले, तर स्थानिक घड्याळांत पावणेसात तास दिसतील. प्रत्यक्षात पावणेनऊ झालेले असतील, भारतीय वेळेने सकाळी ८ ते दुपारी पावणेपाच. त्या दोन वेळा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टसोबत ठेवाव्यात, आणि एक वेळचे जेवण डब्यात द्यावे.